नेपाळ-भूतानला निघालात? आधी मतदार ओळखपत्र शोधा

‘व्हिसा लागत नाही’ एवढं ऐकलं की माणसं निर्धास्त होतात, आणि घोळ तिथेच होतो. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, भूतानसाठीही लागत नाही, हे खरं आहे. पण कागद मात्र लागतो आणि तो आधार कार्ड नसतो. पशुपतिनाथ-मुक्तिनाथला जाणाऱ्या ज्येष्ठांची कागदपत्रं मी तपासून देते. दर खेपेला पिशवीतून पहिलं बाहेर येतं ते आधारच. बँकेत चालतं, रेल्वेत चालतं, मग इथे का नाही, असं काकू विचारतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. ही गोष्ट तिकीट काढतानाच कुणीतरी ठळकपणे सांगायला हवी.

विमानाने नेपाळला जायचं तर प्रौढ व्यक्तीकडे दोनपैकी एक गोष्ट हवी: मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर भागत नाही. सवलत आहे ती १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. त्यांना वय आणि ओळख दाखवणारा, फोटो असलेला दुसरा कागद चालतो. २०१९ पासून या दोन गटांसाठी आधारही धरलं जातं. ही बातमी व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता तिच्यातली वयाची अट गळून पडली, आणि ‘आता नेपाळला आधार चालतं’ एवढंच उरलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला ते चालत नाही. प्रवासाच्या दिवशी पासष्ट पूर्ण झालेली असावीत, ‘पासष्टावं चालू आहे’ हा हिशेब इथे कामाचा नाही.

त्यातही एक खाचखळगा आहे. जुन्या आधारवर पुष्कळदा नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. पासष्टीच्या काठावर असाल तर तेवढ्यावरून वय सिद्ध होत नाही. पूर्ण जन्मतारीख असलेला फोटोचा दुसरा कागद सोबत घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तारीख असते पण फोटो नसतो, म्हणून एकटा तो दाखला पुरत नाही.

सर्वांत जास्त अडतात ती १५ ते १८ वयाची मुलं. मतदार ओळखपत्र मिळायचं वय नाही आणि पासपोर्ट काढलेला नाही. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. पण सहली निघतात मे महिन्यात, तेव्हा शाळेला कुलूप आणि मुख्याध्यापक गावी. परीक्षा संपायच्या आत हे पत्र हातात घ्या, फोटो आणि शिक्क्यासह.

आई-वडील, मुलं, आजी-आजोबा असं एकत्र कुटुंब जात असेल, तर एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असल्यास बाकीच्यांना फोटोची ओळख आणि नात्याचा पुरावा दाखवून जाता येतं, अशीही तरतूद आहे. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ती माहीत असेलच असं नाही. पहाटे चार वाजता नियमावरून वाद घालण्याची पाळी ज्येष्ठांवर येऊ नये. शक्य असेल तर प्रत्येकाचं स्वतंत्र ओळखपत्र काढा.

ओळखपत्र हरवलं असेल तर मतदार पोर्टलवर किंवा बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) नमुना ८ भरायचा, नवं कार्ड मिळतं. नावातल्या दुरुस्तीलाही हाच नमुना. ही दुरुस्ती बायकांच्या बाबतीत फार वेळा लागते: मतदार ओळखपत्रावर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने तिसरंच काहीतरी टाकलेलं. ज्या कागदावर प्रवास करणार, त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तिकिटावर हवं. आणि मूळ कार्डच न्या, झेरॉक्स किंवा मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

भूतानचे नियम आणखी कडक आहेत. प्रौढांना किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र लागतं, आणि त्यावर प्रवेश परवाना मिळतो. इथे ज्येष्ठांनीही आधारची आशा धरू नये. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला न्या. दाखला नुसता मराठीत असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून इंग्रजी मजकूर असलेला काढून घ्या. नातवंडं आई-वडिलांशिवाय जात असतील तर पालकांचं संमतिपत्रही ठेवा.

शिवाय शुल्क आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडल्यापासून भारतीयांना शाश्वत विकास शुल्क, म्हणजे एसडीएफ, माणशी दर रात्री १,२०० रुपये पडतं. ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं, सहा वर्षांखालच्यांना माफ. दोन मोठी माणसं, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असेल तर रात्रीचे ३,००० रुपये, चार रात्रींचे १२,०००. हिशेब रात्रींचा असतो, दिवसांचा नाही. पॅकेजच्या रकमेत हे धरलंय का, ते एजंटकडून लेखी घ्या.

आता परदेशातून आलेल्या मुला-नातवंडांबद्दल, कारण ही चूक सर्वांत महागात पडते. परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार ओसीआय कार्ड देतं, पण ते म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाला ओसीआयधारक नेपाळ आणि भूतान या दोन्ही देशांत परदेशीच धरला जातो. नेपाळचा पर्यटक व्हिसा १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५० डॉलर आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना तो मोफत मिळतो, पण अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांना या सवलतीतून वगळलंय. भूतानमध्ये ४० डॉलर व्हिसाचे आणि वर प्रत्येक रात्रीचे १०० डॉलर. आजीच्या १,२०० रुपयांशेजारी नातवाचा हा आकडा पाहून सीमेवर पोचल्यावर बेत मोडण्यापेक्षा, बुकिंगच्या आधीच घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते कागदावर लिहून काढा.