साठवरून थेट तीसवर: फ्लाइट सिम्युलेटरमधले धक्के येतात कुठून?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवण्याच्या गेममध्ये मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं आणि अरबी समुद्रावर आलं की फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा ६० दाखवतो. वळसा घालून पूर्वेकडून, घाटकोपरच्या इमारतींवरून उतरायला लागलं की तोच आकडा ३० होतो. ५५ नाही, ४८ नाही, एकदम ३०. मग समज होतो की ग्राफिक्स कार्ड खराब निघालं किंवा ड्रायव्हर बिघडला. बऱ्याचदा दोन्ही शाबूत असतात. दोष कुठे आहे ते या दोन आकड्यांच्या नात्यातच दडलेलं असतं: एक दुसऱ्याच्या बरोबर निम्मा आहे.

मॉनिटर चित्र एका झटक्यात दाखवत नाही. तो ते वरून खाली, ओळीओळीने भरत जातो. ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे एका फेरीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. खालची ओळ संपल्यावर पुन्हा वर जाण्याआधी थोडी उसंत असते. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनच्या झोताला खालून वर परतायला हा वेळ लागायचा. आताच्या पडद्यात झोत राहिला नाही, पण ती उसंत राहिली. १९२० बाय १०८० च्या नेहमीच्या सिग्नलमध्ये एकूण ११२५ ओळी असतात, त्यातल्या ४५ दिसतच नाहीत. त्यांचा वेळ जेमतेम पाऊण मिलिसेकंदापेक्षाही कमी.

ग्राफिक्स कार्डाकडे चित्रासाठी दोन जागा असतात, त्यांना बफर म्हणतात. एका बफरमधलं चित्र मॉनिटरकडे जात असतं, तेव्हा दुसऱ्यात पुढचं चित्र तयार होत असतं. ते झालं की अदलाबदल. ही अदलाबदल मॉनिटर अर्ध्या पडद्यावर असताना झाली, तर वरच्या भागात जुनं चित्र आणि खालच्या भागात नवं दिसतं. विमान वळत असताना कंट्रोल टॉवर मधोमध कापल्यासारखा दिसतो तो यामुळेच. याला टिअरिंग म्हणतात. व्ही-सिंक म्हणजे एवढीच शिस्त: अदलाबदल फक्त त्या उसंतीतच करायची.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. समजा मुंबईवर एक चित्र तयार करायला कार्डाला १७ मिलिसेकंद लागतात. मुदत होती १६.७ ची. उशीर झाला ०.३ मिलिसेकंदांचा, पण ती उसंत निघून गेली. भाऊच्या धक्क्यावर लाँच डोळ्यांदेखत सुटली की उशीर एका मिनिटाचा असला तरी पुढच्या लाँचपर्यंत उभंच राहावं लागतं, तसं हे आहे. तयार चित्र दुसऱ्या बफरमध्ये थांबून राहतं. पहिला बफर मॉनिटरला दिलेला, दुसरा भरलेला, त्यामुळे कार्डाला पुढचं चित्र सुरू करायला जागाच उरत नाही. ते १६.३ मिलिसेकंद रिकामं बसतं. ३३.३ व्या मिलिसेकंदाला अदलाबदल होते, पुढचं चित्र सुरू होतं, त्यालाही १७ लागतात, तेही चुकतं. दर वेळी दोन फेऱ्यांना एक चित्र. म्हणजे ३०.

काम वाढलं २ टक्के आणि वेग झाला निम्मा. कामाला ३३.३ पेक्षा जास्त वेळ लागला तर तीन फेऱ्यांना एक चित्र, म्हणजे २०. पुढची पायरी १५. मधले आकडे या जिन्यावर नाहीतच.

या एका गोष्टीतून पुष्कळ कोडी सुटतात. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडला तर कार्डाचा वापर साधारण ५१ टक्के दिसतो, आणि लोक म्हणतात की कार्ड अर्धंच चालतंय. खरंच अर्धा वेळ ते थांबलेलं असतं. दुसरं म्हणजे, कुठलीही एक सेटिंग किंचित उतरवली आणि १७ चे १६.५ झाले, की ३० चे एकदम ६० होतात. ज्याने सावल्या कमी केल्या तो सावल्यांना श्रेय देतो, ज्याने ढग कमी केले तो ढगांना. मग अशा सेटिंग मंत्रासारख्या या हातातून त्या हातात जातात. एफएसएक्सच्या, म्हणजे याच सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्तीच्या काळात सेटिंग साठवणाऱ्या कॉन्फिग फाइलमधल्या ओळींचं असंच झालं होतं: त्यातल्या काही खरोखर उपयोगी होत्या, पण बहुतेक जण त्या काय करतात हे न पाहताच चिकटवत. ‘गेम बूस्टर’ नावाच्या प्रोग्रामांवर आणि रॅम साफ करणाऱ्या बटणांवर माझा विश्वास नाही. एका चित्राला किती मिलिसेकंद लागतात हे मोजल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंगारा लावणं.

तिसरा बफर दिला, म्हणजे ट्रिपल बफरिंग केलं, तर कार्डाला थांबावं लागत नाही आणि ४५ हा आकडाही दिसू शकतो. पण मॉनिटर तर ६० चाच. मग दर तीन चित्रांतली दोन प्रत्येकी एक फेरी दिसतात आणि तिसरं दोन फेऱ्या: १६.७, १६.७, ३३.३. जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने मान वळवून खिडकीबाहेर पाहा, इमारती सरकताना अडखळतात. काउंटर ४५ म्हणतो आणि डोळ्याला ते ३० पेक्षा वाईट वाटतं. डोळ्याला सरासरीपेक्षा तालाची जाण जास्त असते.

म्हणून जड विमानतळांवर मी ६० चा हट्ट सोडून द्यायला सांगतो. व्ही-सिंक चालू ठेवून मॉनिटरच्या निम्म्या वेगावर बांधून टाका. फ्लाइट सिम्युलेटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ही सोय आहे, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येही आहे. प्रत्येक चित्र बरोबर ३३.३ मिलिसेकंद दिसेल. प्रवासी विमानाच्या संथ हालचालीला ते पुरतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की डोळ्याला सेकंदाला २४ च्या वर दिसतच नाही. हे खोटं आहे. सिनेमात २४ हा आकडा बोलपटाबरोबर पक्का झाला, आणि प्रोजेक्टर तेव्हाही प्रत्येक चित्र दोन-तीनदा उजळायचा. शिवाय कॅमेऱ्याच्या चित्रात हालचालीचा फराटा उमटलेला असतो. सिम्युलेटरचं चित्र मात्र त्या एका क्षणाचं आणि रेखीव, म्हणून पुढच्या चित्राशी त्याची फट जास्त जाणवते.

मुळात १७ मिलिसेकंद लागतात कुणामुळे? डेव्हलपर मोड चालू करून फ्रेम रेटची चौकट पाहिली, तर तिथे ‘लिमिटेड बाय जीपीयू’ (ग्राफिक्स कार्डामुळे अडलं) किंवा ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ (प्रोसेसरवरच्या मुख्य कामामुळे अडलं) असं लिहिलेलं असतं. मोठ्या शहरांवर बऱ्याचदा दुसरं. विमानाच्या यंत्रणा, हवामान, रहदारी आणि कार्डाला द्यायच्या आज्ञा यांतलं पुष्कळसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, एकामागून एक होतं. अशा कामाचा वाटा ६० टक्के असेल, तर अगणित कोअर लावूनही वेग १.६७ पटीच्या वर जात नाही. संगणक अभियंता जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हा हिशेब आहे. म्हणून एकूण प्रोसेसर १५ टक्केच वापरात दिसतो आणि तरीही अडथळा तोच असतो.

मेन थ्रेड अडला असेल तेव्हा रिझोल्यूशन उतरवून काहीच साधत नाही. ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’, म्हणजे जमिनीचा तपशील किती दूरपर्यंत दाखवायचा ते, उतरवा. तपशिलाचं अंतर दुप्पट केलं की क्षेत्रफळ चौपट होतं, तेच उलट दिशेने कामी येतं. रहदारी कमी करा, ग्लास कॉकपिटचा, म्हणजे विमानातल्या डिजिटल पडद्यांचा, रिफ्रेश कमी करा. जीपीयू अडला असेल तर मात्र रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचं ते) आणि ढग उतरवा.

फ्रेम जनरेशनची जाहिरात जोरात असते. त्यात कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र स्वतः रचतं. मेन थ्रेड अडलेला असताना पडद्यावरची हालचाल त्याने खरोखर मऊ होते. पण ३० चे ६० झाले तरी जॉयस्टिकची हाक ३० वेळाच ऐकली जाते, आणि पुढचं खरं चित्र हाती आल्याशिवाय मधलं रचता येत नसल्याने थोडा उशीर वाढतोच. धावपट्टीच्या जरा वर नाक उचलताना तो उशीर हाताला जाणवतो.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये तर प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. तिथे उड्डाणाचं गणित फ्रेमला बांधलेलं आहे: दर चित्रागणिक बलं काढायची आणि त्यावरून वेग आणि जागा एक पायरी पुढे न्यायची. पायरी मोठी झाली की गणित उधळतं. समजा चाकाच्या आधाराची स्प्रिंग सेकंदाला १० वेळा कंप पावते. तिची कोनीय वारंवारता (१० गुणिले २π) ६३ च्या आसपास. अशा पायरी-पायरीच्या गणिताच्या साध्या ऑयलर पद्धतीच्या बऱ्या रूपातसुद्धा पायरी २ भागिले ६३, म्हणजे ३२ मिलिसेकंदांच्या आत हवी. ३० फ्रेमची पायरी ३३ ची! ती घेतली तर प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होत जाईल आणि विमान उभ्या जागी उड्या मारेल. म्हणूनच एका चित्रात गणिताच्या अनेक पायऱ्या करायची सेटिंग तिथे दिली आहे. आणि फ्रेम रेट २० च्या खाली गेला की एक्स-प्लेन पायरी वाढवत नाही, सिम्युलेटरमधलं घड्याळच सावकाश चालवतं. १० फ्रेमला १४० नॉटने केलेला १० नॉटिकल मैलांचा अप्रोच सव्वाचार मिनिटांऐवजी साडेआठ मिनिटं घेतो.

मॉनिटर बदलायचा विचार असेल तर हा जिनाच टाळता येतो. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक आणलं, २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्टच्या मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आलं. यात कार्ड मॉनिटरसाठी थांबत नाही, मॉनिटर कार्डासाठी थांबतो. चित्र १७ मिलिसेकंदांनी आलं तर १७ व्या मिलिसेकंदाला दिसतं. पण हे ठरावीक वेगांच्या पट्ट्यातच चालतं आणि दुकानात तो पट्टा कुणी सांगत नाही. ४८ ते ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० फ्रेम पट्ट्याच्या खाली पडतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखवावं तर ८० लागतात, तेही वरून बाहेर. ४८ ते १४४ च्या मॉनिटरवर ते ८० आरामात बसतात. सिम्युलेटर ३५-४५ मध्ये रेंगाळणारा असल्याने वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून चांगला जास्त आहे का, हे मॉनिटरच्या तपशिलांत बघून मगच पैसे द्या.