तिघं विरुद्ध एक, आणि जिंकला एकटा : सायकल रेसमधल्या वाऱ्याचा हिशोब

२ एप्रिल २०२५, बेल्जियममधली ड्वार्स डोर व्लांडरेन ही एका दिवसाची रेस. शेवटी पुढे चारच जण उरले होते. त्यातले तिघं एकाच टीमचे, व्हिस्माचे : वाउट फान आर्ट, टीश बेनोट आणि मॅटिओ जॉर्गेन्सन. चौथा ईएफ टीमचा अमेरिकन रायडर नीलसन पॉवलेस, एकटा. फान आर्ट हा जगातल्या उत्तम स्प्रिंटर्सपैकी एक, पॉवलेस स्प्रिंटसाठी फारसा ओळखला जात नाही. वारेगेमच्या फिनिशला स्प्रिंट झाली आणि पॉवलेस जिंकला. मागोमाग ते तिघं, दुसरा तिसरा चौथा.

त्याच संध्याकाळी माझ्या एका मित्राचा मेसेज आला, "तिघांना मिळून एक जण आवरला नाही, म्हणजे नक्की मॅच फिक्सिंग!" असं अनेकांना वाटलं असणार, कारण आपण नकळत ताकदीची बेरीज करतो, तीन माणसं म्हणजे तिप्पट ताकद. रस्सीखेचीत ते बरंचसं खरंही आहे. सायकल रेसमध्ये नाही, कारण तिथे खरा प्रतिस्पर्धी वारा असतो आणि वाऱ्याशी भांडणाऱ्याच्या मागे बसायला पैसे पडत नाहीत.

शाळेत शिकलेलं जरा आठवा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, म्हणजे ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० वरून ५० किलोमीटरवर जायचं तर वेग फक्त २५ टक्के वाढला पण हवेसाठीची पॉवर १.२५ चा घन, म्हणजे जवळपास दुप्पट लागते. सपाट रस्त्यावर प्रोफेशनल रायडर ज्या वेगाने जातात तिथे एकूण अवरोधातला साधारण ९० टक्के हिस्सा हवेचाच असतो, टायर आणि चेन यांच्या वाट्याला किरकोळ उरतो.

आता कुणाच्या तरी मागे बसा, म्हणजे सायकलवाल्यांच्या भाषेत चाक पकडा. पुढचा माणूस हवा फाडत जातो, त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा घुसळलेला पट्टा तयार होतो, त्यातली हवा मुळात तुम्ही जाताय त्याच दिशेने ओढली जात असते म्हणून तिचा मार कमी बसतो. यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की फायदा पुढच्यालाही होतो! मागचा माणूस त्या कमी दाबाच्या जागेत आल्यामुळे पुढच्याला मागे खेचणारं बल थोडं घटतं, दोन-तीन टक्केच, पण घटतं. हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ रायडर्सच्या अख्ख्या पेलोटॉनचं, म्हणजे रेसमधल्या मोठ्या घोळक्याचं, कॉम्प्युटर सिम्युलेशन आणि विंड टनेल टेस्टिंग केलं, त्यात घोळक्याच्या आतल्या-मागच्या भागातल्या रायडरला एकट्या रायडरच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के अवरोध सहन करावा लागतो असं निघालं. म्हणून तर रेसचे पहिले दीडशे किलोमीटर मोठे रायडर टीव्हीवर दिसतच नाहीत, ते तिथे आत लपून ताकद साठवत असतात आणि बाहेर वारा खायचं काम टीममधले मदतनीस करतात.

पण आपली गोष्ट चौघांची आहे, तर चौघांचेच आकडे घेऊ. १९९९ साली प्रसिद्ध झालेली ट्रॅकवरच्या टीम परसूटची, म्हणजे चौघं एकापाठोपाठ एक चालवतात त्या शर्यतीची, मोजमापं आहेत : ताशी ६० किलोमीटरला सगळ्यात पुढच्याला सरासरी ६०७ वॉट, दुसऱ्याला ४३०, तिसऱ्याला आणि चौथ्याला ३८९. म्हणजे १०० : ७१ : ६४ : ६४. रस्त्यावर वाऱ्याची दिशा बदलती असते, अंतरं जास्त असतात, तरी अंदाजासाठी हेच चालवू.

समजा चौथ्याने ठरवलं की मी पुढे येणारच नाही. आणि का यावं, समोर तिघं एका टीमचे आहेत, त्यांना मागच्या ग्रुपपासून पळून जायचंय, राबू देत त्यांना. समजा पुढच्याला ४०० वॉट लागतायत. तिघं आळीपाळीने पुढे येणार म्हणजे प्रत्येकाची सरासरी ४००, २८४ आणि २५६ यांची, ती येते ३१३ वॉट. चौथा कायम २५६ वर. फरक ५७ वॉट. तासाभरात हा फरक साधारण २०५ किलोज्यूल होतो, आणि शरीर अन्नातल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतं म्हणून प्रत्यक्षात प्रत्येकाचं ५० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट जास्त जळतं. स्नायूंमध्ये साठाच मुळात चार-पाचशे ग्रॅमचा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि नियमात बसणारा.

खरी गंमत मात्र पुढे आहे. प्रत्येक रायडरची एक मर्यादा असते, तिला क्रिटिकल पॉवर म्हणतात, त्याच्या खाली तो बराच वेळ चालवू शकतो, वर गेला की एक छोटी टाकी रिकामी व्हायला लागते. उदाहरणासाठी मर्यादा ४०० वॉट आणि टाकी २० किलोज्यूलची धरा. ६०० वॉटने गेलात तर सेकंदाला २०० ज्यूल जातात, १०० सेकंदात टाकी कोरडी. मर्यादेखाली आलात की ती परत भरते, पण किती जोरात भरते ते तुम्ही किती खाली आहात त्यावर ठरतं. २५६ वॉटवर बसलेल्याची भराभर भरते, ३१३ च्या सरासरीने चालणाऱ्याची सावकाश, आणि ४०० वर पुढे वारा खाणाऱ्याची त्या वेळात भरतच नाही. शेवटची स्प्रिंट याच टाकीतून येते. १२०० वॉटची १५ सेकंदांची स्प्रिंट म्हणजे १२ किलोज्यूल. तेवढं शिल्लक नसेल तर नाव कितीही मोठं असो, पाय चालत नाहीत.

मग तिघांनी काय करायला हवं होतं? पुस्तकी उत्तर आहे एकामागून एक अटॅक. पहिला ७०० वॉटने ३० सेकंद सुटतो, मर्यादेच्या वरचे ३०० वॉट गुणिले ३० म्हणजे ९ किलोज्यूल खर्च. पॉवलेसने लगेच चाक पकडलं तर त्याला दुसऱ्या जागेच्या ७१ टक्क्यांच्या हिशोबाने ५०० च्या आसपास लागतील, म्हणजे फक्त तीन किलोज्यूल. इथेच पुस्तकी उत्तर फसतं, कारण शेवटच्या जागेवर बसलेल्याला समोरचं सगळं दिसतं, कुणी उठून पेडल मारायला लागला की तो लगेच मागे. म्हणून अटॅकच्या आधी जागा बदलाव्या लागतात. एकाने पॉवलेसच्या पुढच्या जागेवर यायचं आणि पुढे दोघं सुटले की त्यांचं चाक सोडून द्यायचं. मग मधे दोन-तीन सायकलींइतकी फट पडते आणि ती पॉवलेसला स्वतः, उघड्या वाऱ्यात, पूर्ण किंमत मोजून भरावी लागते. असं दोनदा केलं की २० मधले १२-१५ किलोज्यूल गेले, आणि तिसरा ताज्या टाकीने निघतो. तीन टाक्या विरुद्ध एक टाकी, अशी बेरीज करता येते, पण टाक्या एकापाठोपाठ वापरल्या तरच. एकाच स्प्रिंटसाठी तिघांनी फिनिशपर्यंत वारा खाल्ला की मोजली जाते फक्त एक टाकी, तीही अर्धी रिकामी. फान आर्टने नंतर स्प्रिंटचा निर्णय आपला होता हे मान्य केलं आणि दोष स्वतःकडे घेतला, त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

अर्थात गणित पाठ असून रेस जिंकता येते असंही नाही. २०१५ च्या ओमलूप हेट न्यूस्ब्लाद रेसमध्ये हाच प्रकार झाला होता : क्विक-स्टेपचे टॉम बोनन, निकी तेर्प्स्त्रा, स्टाइन वान्डेनबर्ग असे तिघं आणि स्काय टीमचा इयान स्टॅनर्ड एकटा. तो आधी मागे बसून राहिला, मग त्यांनी अटॅक केले तेव्हा ते भरून काढले आणि शेवटी तेर्प्स्त्राला हरवून जिंकला. म्हणजे तिघांनी बरोबर डाव टाकला तरी आधी बराच वेळ राबून टाक्या उतरलेल्या असतील तर डावाला धार राहत नाही.

अशा निकालांनंतर लोक नशिबाकडे वळतात. या खेळात अंधश्रद्धा भरपूर, १३ नंबर मिळाला तर रायडर तो उलटा लावतात, आणि वर्ल्ड चॅम्पियनला मिळणाऱ्या इंद्रधनुषी जर्सीला शाप आहे असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या शापाचा संख्याशास्त्रीय हिशोब छापून आला होता, निष्कर्ष साधा होता : माणूस वर्ल्ड चॅम्पियन होतो ते त्याच्या असामान्य चांगल्या वर्षात, पुढचं वर्ष सरासरीकडे सरकतं, बस. तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन पोगाचार याने ती जर्सी घालूनच २०२५ ची टूर ऑफ फ्लँडर्स ही रेस जिंकली, ड्वार्सनंतर चारच दिवसांनी.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. टोकियो ऑलिम्पिक, २५ जुलै २०२१, महिलांची १३७ किलोमीटरची रोड रेस. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर, गणितात पीएचडी, तेव्हा कुठल्याच प्रोफेशनल टीममध्ये नव्हती. सुरुवातीलाच ती आणखी चौघींबरोबर सुटली आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटी गेली, म्हणजे १०० टक्के वारा, एकही चाक नाही. मागे नेदरलँड्सच्या चार जबरदस्त रायडर होत्या. आकड्यांच्या हिशोबाने घोळका तिला सहज पकडू शकला असता, पण वारा कुणी खायचा? डच जिंकणार हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं, मग त्यांच्यासाठी बाकीच्यांनी का राबायचं. त्यात ऑलिम्पिकमध्ये रायडरच्या कानात टीमच्या सूचना पोहोचवणारा रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून एक जण आहे हेच डच टीमला कळलं नाही. फुजी स्पीडवेच्या फिनिशवर डच टीमची आनेमिक फान फ्लूतेन आपण जिंकलो असं समजून दोन्ही हात वर करून आली. कीझनहोफर ७५ सेकंद आधीच पोहोचली होती.