कॉपी झाली, पण कशाची?

पाच ओळींचं फंक्शन होतं. मूळ फाइल वाचायला उघडायची, दुसरी लिहायला उघडायची, इकडचे बाइट तिकडे ओतायचे, दोन्ही बंद करायच्या. चाललं, म्हणून मी ते विसरूनही गेलो. दर काही मिनिटांनी प्रोग्रॅमच्या सेटिंगची ताजी प्रत जुनीवर चढवणं एवढंच त्याचं काम. एक दिवस डिस्क भरली. जागा करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तर तो ओळखच दाखवेना. भाषा कोणती हवी इथपासून सगळं नव्यानं विचारायला लागला. सेटिंगची फाइल जागच्या जागी होती. नाव बरोबर, आकार शून्य बाइट.

नवी प्रत झाली नाही हे समजण्यासारखं होतं. जुनी कुठे गेली?

ती मीच पुसली होती. फाइल लिहिण्यासाठी उघडली की बहुतेक भाषांत सगळ्यात आधी तिची लांबी शून्यावर आणली जाते. याला ट्रंकेट म्हणतात. नवा एकही बाइट लिहिण्याआधीच जुना मजकूर गेलेला असतो. मोकळी झालेली जागा तेवढ्यात दुसऱ्या एका फुगत चाललेल्या लॉग फाइलनं गिळली, माझं लिखाण अडलं, आणि 'जागा नाही' हा निरोप माझ्या फंक्शननं ऐकलाच नाही. लिहिताना आलेली चूक तपासायची ओळच मी लिहिली नव्हती.

या घोटाळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: फाइलचं नाव म्हणजेच फाइल. लिनक्स, मॅक अशा युनिक्सच्या वळणाच्या यंत्रणांमध्ये तसं मुळीच नसतं. खरी फाइल म्हणजे एक क्रमांक, आयनोड. तिचा आकार, परवानग्या, डिस्कवर मजकूर कुठे कुठे आहे, हे सगळं आयनोडपाशी नोंदलेलं असतं. नाव तिथे नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये, आणि फोल्डर म्हणजे निव्वळ एक तक्ता: या नावासमोर हा क्रमांक. म्हणून एकाच फाइलला दोन नावं असू शकतात, आणि एक नाव पुसलं तरी दुसऱ्या नावानं ती जिवंत राहते. एखाद्या प्रोग्रॅमनं फाइल उघडून ठेवली असेल, तर शेवटचं नाव पुसल्यावरही त्याच्यापुरती ती टिकते.

हे एकदा डोक्यात बसलं की सुरक्षित कॉपीची युक्ती आपोआप सुचते. जुन्या फाइलला हात लावायचाच नाही. शेजारी दुसऱ्या, तात्पुरत्या नावानं नवी फाइल तयार करायची, ती पूर्ण लिहायची, डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, आणि मग रीनेम करून खरं नाव नव्या फाइलला द्यायचं. रीनेममध्ये मजकूर हलत नाही, तक्त्यातली एक नोंद बदलते. अशा यंत्रणांसाठीच्या पॉझिक्स या मानकाप्रमाणे ही अदलाबदल अखंड असते. त्या क्षणी कोणीही ते नाव उघडलं तरी त्याला पूर्ण जुनी फाइल मिळेल किंवा पूर्ण नवी. अर्धीमुर्धी कधीच मिळणार नाही. मध्येच डिस्क भरली तर फार तर तात्पुरती फाइल वाया जाते.

इथे एक खोच आहे आणि तिच्यात जाणते लोकही अडकतात. तात्पुरती फाइल म्हटल्यावर हात आपसूक यंत्रणेच्या 'टेंप' फोल्डरकडे जातो. ते फोल्डर बऱ्याचदा वेगळ्याच फाइल सिस्टिमवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेत असतं, काही ठिकाणी तर थेट मेमरीत. आयनोड क्रमांक आपापल्या फाइल सिस्टिमपुरते असतात, त्यामुळे एकीकडची नोंद दुसरीकडच्या तक्त्यात लिहिता येत नाही. रीनेम चूक दाखवून नकार देतं. फाइल हलवणारी 'एमव्ही' ही आज्ञा मात्र अशा वेळी गुपचूप कॉपी करते आणि मूळ पुसते. काम झालेलं दिसतं, अखंडपणाची हमी मात्र गेलेली असते. म्हणून तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये करायची, जिथे शेवटी तिला नांदायचं आहे.

'डिस्कवर पोचल्याची खात्री' हे मी वर सहज लिहून गेलो, पण त्या वाक्यावर मोठा वाद झालेला आहे. प्रोग्रॅमनं लिहिलेला मजकूर आधी मेमरीतच थांबतो. यंत्रणा तो सवडीनं डिस्कवर उतरवते. आत्ताच्या आत्ता उतरव असं सांगायचं तर 'एफसिंक' वापरावं लागतं आणि ते हळू चालतं. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी३ फाइल सिस्टिममध्ये सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी नोंदी पक्क्या होत आणि त्यासोबत मजकूरही उतरे, म्हणून एफसिंक न करताही बहुतेकांचं निभावत असे. ईएक्सटी४ आली ती वेगासाठी मजकुराला जागा देणंच लांबणीवर टाकणारी. नाव बदलल्याची नोंद डिस्कवर आधी पोचायची, मजकूर बऱ्याच सेकंदांनी. मधल्या वेळात यंत्र बंद पडलं की नाव नवं आणि आत शून्य बाइट. २००९ मध्ये अशा तक्रारींचा पाऊस पडला. ईएक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी सांगितलं की एफसिंक केलं नसेल तर मानक कसलीच हमी देत नाही. ते खरंच होतं. तरीही त्यांनी पुढे फाइल सिस्टिममध्येच अशी सोय केली, की जुन्या फाइलच्या जागी रीनेम होत असेल तर नव्या फाइलचा मजकूर आधी मार्गी लागावा. नियम एकीकडे आणि लोकांची सवय दुसरीकडे असली, की शहाणा अभियंता थोडं झुकतो. मी मात्र तेव्हापासून फाइलला एफसिंक करतो, आणि रीनेमनंतर फोल्डरलाही. तक्ता हासुद्धा शेवटी डिस्कवर लिहायचा मजकूरच असतो.

मूळ आणि प्रत एकच निघाली तर? पाच ओळींचं फंक्शन स्रोत उघडेल, मग 'दुसरी' फाइल उघडताना तोच स्रोत कापेल आणि शून्य बाइट इमानदारीनं कॉपी करेल. नावांची तुलना करून हे टळत नाही, कारण एकाच फाइलची दोन नावं असू शकतात हे आपण पाहिलंच. कॉपी करणारी 'सीपी' ही आज्ञा म्हणूनच डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक जुळवून बघते. परवानग्यांचंही तसंच. गुप्त किल्ली असलेल्या फाइलची प्रत सगळ्यांना वाचता येईल अशी जन्मली आणि परवानग्या नंतर घट्ट केल्या, तर मधल्या क्षणात कोणीही ती उघडू शकतो. तात्पुरती फाइल सुरुवातीलाच मालकापुरती उघडी ठेवावी.

एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. ॲपलची एपीएफएस किंवा लिनक्सवरची बीटीआरएफएस अशा फाइल सिस्टिमवर कॉपी केल्यावर दुसरी प्रत अनेकदा तयारच होत नाही. दोन आयनोड त्याच मजकुराकडे बोट दाखवतात, आणि कोणी बदल केला तरच बदललेला तुकडा वेगळा होतो. लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या 'सीपी'नं २०२१ मधल्या ९.० आवृत्तीपासून हे शक्य असेल तिथे आपण होऊन करायला सुरुवात केली. काही जीबींची फाइल क्षणात कॉपी होते ती यामुळे. पण डिस्कचा तोच तुकडा खराब झाला तर दोन्ही 'प्रती' एकदमच जातात. त्याच डिस्कवरच्या अशा कॉपीला बॅकअप म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

आता पाथकडे. पाथ हा पत्ता नसतो. तो वाट सांगणारा मजकूर असतो. या फोल्डरमध्ये शिर, त्यातल्या अमुकमध्ये जा, एक पायरी वर ये (हे '..' असं लिहितात). वाट चालून पाहिल्याशिवाय ती कुठे पोचते हे कळत नाही, आणि आपण मात्र अक्षरं वाचूनच निकाल देतो.

समजा, प्रत्येकाला फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू द्यायचं आहे. सोपी तपासणी म्हणजे पाथची सुरुवात '/अपलोड/राम' अशी आहे का ते बघायचं. '/अपलोड/रामदास' या तपासणीतून बिनबोभाट सुटतो. शेवटी तिरकी रेघ जोडली तरी '/अपलोड/राम/../रामदास' उरतोच. बरं, '..' आधीच सोडवून पाथ सरळ केला, तर वाटेतलं एखादं फोल्डर सिमलिंक निघतं, म्हणजे भलतीकडे नेणारी पाटी. मग 'एक पायरी वर' म्हणजे पाटी जिथे नेते तिथून वर, आणि अक्षरांवरून काढलेलं उत्तर चुकतं. पायथन या भाषेतलं पाथ जोडणारं जुनं 'जॉइन' फंक्शन आणखी एक गंमत करतं: दुसरा भाग तिरक्या रेघेनं सुरू होत असेल तर ते पहिला भाग चक्क टाकून देतं. कागदपत्रांत तसं लिहिलेलं आहे. वाचतो कोण?

या चुका नवशिक्यांच्याच असतात असं नाही. अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत पाथ सरळ करणारा कोड बदलला, आणि '..' मधला एक ठिपका टक्क्याच्या चिन्हासह सांकेतिक रूपात लिहिला तर तो तपासणीतून निसटू लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे उघड झालं. घाईनं काढलेली २.४.५० ही दुरुस्ती अपुरी निघाली, कारण तेच संकेतन दोनदा केलं की पुन्हा वाट मोकळी. त्याच आठवड्यात २.४.५१ आली. अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या आर्काइव्हच्या फाइलींमध्ये हाच आजार जुना आहे. झिप किंवा टार उघडताना आतल्या नावातच '../../' असलं, तर भोळं फंक्शन फाइल बाहेर भलत्या जागी लिहितं. पायथनच्या टार उघडणाऱ्या मॉड्यूलबद्दल २००७ मध्येच इशारा दिला गेला होता. आपण होऊन सावध राहणारी वागणूक आली ती ३.१४ आवृत्तीत.

तपासणी बिनचूक केली तरी तपासणं आणि उघडणं यांत फट राहते. मी पाहिलं तेव्हा ते साधं फोल्डर होतं. मी उघडेपर्यंत कोणीतरी तिथे सिमलिंक ठेवली. तेव्हा तपासणीचं काम वाट चालणाऱ्यावरच सोपवावं लागतं. लिनक्समध्ये ५.६ आवृत्तीपासून 'ओपनॲट२' हा मार्ग आहे. आधी एक फोल्डर उघडून धरायचं आणि कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला सांगायचं की या फोल्डरच्या बाहेर पाऊल पडलं तर नकार दे. वाट चालणारा आणि पहारा देणारा एकच असल्यामुळे फट उरत नाही.

आपल्या लिपीची गोष्ट तर आणखी मजेची. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. अक्षरांची नव्हे, बाइटांची. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे हातात उरतात ८५ चिन्हं. मी तात्पुरत्या फाइलचं नाव मूळ नावाला '-तात्पुरती' जोडून करत असे. ती जोडच २८ बाइटांची. ८० चिन्हांचं नाव २४० बाइटांचं होतं आणि व्यवस्थित चालतं; जोड लावली की २६८. म्हणजे जी फाइल आधीपासून डिस्कवर सुखानं नांदते आहे, तिचीच सुरक्षित प्रत होऊ शकत नाही! आता तात्पुरतं नाव मूळ नावावरून करत नाही. आठ-दहा यादृच्छिक अक्षरं पुरतात.

आणि 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, एका चिन्हानं लिहिता येतो. साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही येतो. तिसरी रीत म्हणजे र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या रीतीनं शब्द २१ बाइटांचा होतो, बाकी दोन्हींनी २४. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्सवर नेहमीच्या फाइल सिस्टिम नावं बाइटांनी जुळवतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या' नावाच्या तीन फाइली मजेत राहतात आणि 'ही आधीपासून आहे का' या प्रश्नाला माझं फंक्शन 'नाही' म्हणतं. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइल सिस्टिम अशी जोडलेली चिन्हं सुटी करून साठवायची, म्हणजे फाइल तिकडे जाऊन आली की नाव बदललेलं. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोन रीती एक करतं. तिसरीला ते हातही लावत नाही. तुलनेपुरतं ते जोडचिन्ह मी स्वतः हाताळतो. फाइलचं नाव मात्र जसं आलं तसंच ठेवतो, कारण ते माझं नाही.

फंक्शन आता साठ-सत्तर ओळींचं झालंय. त्यानं एक नवं काम मात्र मागे लावलं. यंत्र मध्येच बंद पडलं की तात्पुरत्या फाइली तशाच राहतात, आणि त्या झाडायला आणखी एक फंक्शन लागतं. ते लिहायला बसलो तेव्हा गेम विकणाऱ्या 'स्टीम' या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीचा जानेवारी २०१५ मध्ये गाजलेला किस्सा आठवला. तिच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये स्टीमच्या फोल्डरचा पाथ एका व्हेरिएबलमध्ये होता आणि त्यापुढे '/*' जोडून सगळं पुसण्याची आज्ञा होती. फोल्डर हलवलं गेलेलं असलं की ते व्हेरिएबल रिकामं राही, आणि उरे फक्त '/*', म्हणजे डिस्कच्या मुळापासून सगळं. जे जे पुसण्याचा हक्क वापरकर्त्याला होता ते ते गेलं. ती ओळ लिहिणाऱ्यानं वर टीपही टाकून ठेवली होती: 'स्केअरी!' भीती वाटली होती, पण आज्ञा तशीच राहिली.

माझं झाडणारं फंक्शन पाथ जोडतच नाही. फोल्डर उघडून धरतं, त्यातली नावं वाचतं, आणि माझ्या ठराविक अक्षरांनी सुरू होणारी, एक दिवसाहून जुनी, साधी फाइल असेल तरच त्या धरलेल्या फोल्डरमधून ते नाव काढतं. फोल्डर उघडलं नाही तर हात जोडून परत येतं.