थिकनेसरने फळी सरळ होत नाही

घरच्या गॅरेजात लाकूडकाम मांडणारा माणूस करवतीच्या मशीनपर्यंत नीट येतो. रंध्याचं मशीन घ्यायची वेळ आली की घोळ सुरू. दुकानात सरसकट सगळ्याला ‘प्लेनर’ म्हणतात, ऑनलाइन विकतानाही तेच नाव लावतात. मग थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन, घरी येतो, पीळ पडलेली फळी त्यात जाते, पिळासकट बाहेर येते, आणि मशीन खराब निघालं म्हणून बोंब होते. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

हातात धरायचा 82 मिलिमीटरचा इलेक्ट्रिक रंधा सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात फुगलेलं दार घासायला झकास. तो उलटा आवळून त्याचा सरफेसर, म्हणजे फळीची एक बाजू सपाट करणारं मशीन, करायची टूम मात्र कृपया सोडा. टेबल वीतभर, पात्यावर धड झाकण नाही.

आता खऱ्या दोघांकडे, सरफेसर आणि थिकनेसरकडे, वळू. सरफेसरला दोन टेबलं असतात, मध्ये पात्यांचा रूळ. मागचं टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी समपातळीत, पुढचं तुम्ही ठरवाल तेवढं खाली. पाती खालून कापतात आणि कापलेला भाग लगेच मागच्या सपाट टेबलावर टेकतो. फळीला वरून दाबणारं काही नाही, तुमचा हात तेवढा, आणि तोही हलका. म्हणून फळीचा उंच भाग तेवढाच कापला जातो आणि हळूहळू एक सपाट बाजू तयार होते. सोबतच्या उभ्या फेन्सला (आधाराच्या सरळ पट्टीला) ती बाजू टेकवली की कडही गुण्यात, म्हणजे काटकोनात येते.

थिकनेसरमध्ये पाती वर, टेबल खाली. दोन स्प्रिंगचे रोलर फळी टेबलावर दाबून पुढे ओढतात. हे मशीन एकच गोष्ट जाणतं: टेबलापासून पात्यापर्यंतचं अंतर. खालची बाजू सपाट असेल तर वरची तिला समांतर आणि सपाट होते. खालची वाकडी असेल तर वरची त्याच वाकडेपणाला समांतर होते. गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा बारकाईने पाहू.

पाच फुटी, 20 मिलिमीटरची, लांबीत बाक आलेली सागाची फळी घ्या. रोलरखाली ती दबून टेबलाला चिकटते, कापली जाते, आणि रोलर सुटला की पुन्हा उचलते. जाड, ताठ फळी दबणार नाही असं वाटतं, पण लहान मशीनचं टेबल फूट-दोन फुटांचंच. पाच फुटांतला बाक तेवढ्या तुकड्यात जवळपास दिसतच नाही. टेबल त्या बाकावरून सरकत जातं आणि फळी एकसारख्या जाडीची, पण धनुष्यच राहते. पिळाचं तसंच: फळी टेबलावर डुगडुगते, पीळ थोडा कमी होतो, जात नाही.

अपवाद एकच, आणि ‘माझी तर सरळ झाली’ म्हणणारे तिथूनच येतात. जाड फळीला रुंदीत खोलगटपणा असेल, तर खोलगट बाजू खाली ठेवून ती दोन कडांवर स्थिर बसते. हलके पास (मशीनमधून फेऱ्या) मारले तर वरची बाजू खरंच सपाट होते. ते लाकडाच्या ताठपणाचं श्रेय आहे.

उलटही चूक होते. सरफेसरवर दोन्ही बाजू सपाट करून जाडी मिळवायला जाल तर दोन सपाट बाजू मिळतील, समांतर नव्हे. एक टोक 19, दुसरं 16. म्हणून क्रम ठरलेला: एक बाजू सपाट, एक कड गुण्यात, मग थिकनेसर, शेवटी उरलेली कड करवतीवर.

गॅरेजात जागा एकाचीच असेल तर थिकनेसर घ्या. सरफेसरचं काम दुसऱ्या मार्गाने होतं, थिकनेसरचं होत नाही. लहान सरफेसर सहा इंचांचा, आठ इंची फळी त्यावर बसतच नाही. शिवाय टेबलाच्या दुपटीहून लांब फळी त्यावर सरळ करणं अवघड. त्याउलट टेबलटॉप थिकनेसर 12-13 इंच घेतो. मकिताचा 12 इंची 2012एनबी सुमारे 28 किलोचा, एकट्याने उचलता येतो. डिवॉल्टचा 13 इंची डीडब्ल्यू735 चाळिसाच्या पुढे. त्याला चाकांचा स्टँड हवाच.

सपाट बाजू काढायला स्लेड, म्हणजे फळीखाली मशीनमधून जाणारा पाट, करा. 12 मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून 1200 बाय 300 चा ताठ पाट. जे टोक मशीनमध्ये आधी जाणार तिथे आडवी पट्टी; रोलर फळी पुढे ढकलतात, तिच्यामागे पाट ओढला जायला ही पट्टी लागते. तिची उंची फळीच्या अंतिम जाडीपेक्षा कमी, आणि खिळा-स्क्रू एकही नाही, नाहीतर पाती गेली. फळी खोलगट बाजूने खाली ठेवा, जिथे उचललेली तिथे पाचरी सरकवा, मधल्या पोकळीतही वीतभर अंतरावर, आणि ग्लू गनने पाचरी पाटाला चिकटवा. पाचर ठोकून घालू नका, तिने फळी उचलली तर नवाच बाक तयार होतो. वरच्या बाजूवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा, दर पासला अर्धा मिलिमीटर घ्या. रेघा पुसल्या की फळी उलटवा, पाट बाजूला ठेवा आणि नेहमीसारखी जाडी काढा. पाटाचे 24 मिलिमीटर मशीनच्या उंचीतून वजा होतात, ते धरून चाला.

कडेसाठी ट्रॅक सॉ (सरळ पट्टीवरून सरकणारी करवत), नाहीतर 22 इंची सात नंबरचा हातरंधा. एकत्र सरफेसर-थिकनेसर मशीनही मिळतं; पण ओतीव लोखंडाचं धूड आणि दर वेळी टेबल उचलून बदलायची कटकट. अडीच मीटर रुंद पार्किंगमध्ये गाडीही राहणार असेल तर त्याचा विचारही करू नका.

जागेचा खरा हिशेब मशीनचा नसतो, फळीचा असतो. सहा फुटी फळीला आत सहा, बाहेर सहा, मशीनचे दोन: चौदा फूट. म्हणून थिकनेसर शटरजवळ, तोंड बाहेरच्या दिशेला. त्याचं टेबल कामाच्या बाकाच्या पातळीत आणलं तर बाकच आधार होतो. आधार नसला की टोक लोंबतं आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो. तरीही फळी दोन्हीकडे चार-चार इंच जास्त लांब ठेवा आणि ती टोकं मागाहून कापा. फूटभराहून आखूड तुकडा मात्र सुटा घालू नका.

जुन्या वाड्याचं सागवान असेल तर आधी चुंबक फिरवा. मोडलेला खिळा वरून दिसत नाही. सागात सिलिका असते, पाती बोथट लवकर होतात, म्हणून जादा संच जवळ असू द्या. दोन्ही बाजूंनी साधारण सारखं लाकूड काढा, अंतिम जाडीआधी 2-3 मिलिमीटरवर थांबा आणि फळी आठवडाभर खाली पट्ट्या देऊन ठेवा. ताज्या कापलेल्या बाजूला हवा लागली की, त्यातही दमट कोकणात, ती पुन्हा हलते. मग पाटावर एकदा तपासून शेवटचे पास मारा.