निचिजो नो नाझो
जपानी रहस्यकथेचा एक प्रकार. ‘निचिजो’ म्हणजे रोजचे जगणे आणि ‘नाझो’ म्हणजे कोडे. ‘नाझो’ची व्युत्पत्ती ‘नान् झो’ (‘काय बरे हे?’) या प्रश्नापासून सांगतात, मराठीतल्या कूटप्रश्नाशी तिचे नाते सहज लागते. या कथांत खून नसतो आणि पोलीसही क्वचितच येतात.

या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. कितामुरा काओरू (जन्म १९४९) यांच्या ‘सोरातोबु उमा’ (उडता घोडा, १९८९) या पहिल्या कथासंग्रहापासून तो मोजण्याचा प्रघात आहे. त्यात साहित्य शिकणारी एक विद्यार्थिनी शंका मांडते आणि राकुगो (बसल्या जागी एकट्याने कथा रंगवण्याची कला) सादर करणारा एन्शी ती उलगडतो. एका कथेतले कोडे तर एवढेच, की उपाहारगृहातल्या तीन मुली चहात साखरेवर साखर का घालत आहेत? काहीजण मूळ आणखी मागे नेतात. हॅरी केमेलमन यांच्या १९४७ च्या इंग्रजी कथेत कानावर पडलेल्या एकाच वाक्यावरून तर्काची साखळी उभी राहते, हे खरे. मात्र तिच्या टोकाला खूनच निघतो. त्यामुळे अशा कथांना पूर्वज म्हणावे आणि स्वतंत्र धारा १९८९ पासून धरावी, हे अधिक सयुक्तिक दिसते. वाकाताके नानामी (१९९१) व कानो तोमोको (१९९२) यांच्या पहिल्या पुस्तकांनी ती रुळवली.

शाळकरी पात्रांचे वळण ठळक झाले ते योनेझावा होनोबु यांच्या ‘ह्योका’ (२००१) या कादंबरीने. तिच्यावरील ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका क्योतो ॲनिमेशनने २०१२ मध्ये काढली. दिग्दर्शक ताकेमोतो यासुहिरो. काल्पनिक कामियामा शहराला गिफू प्रांतातील ताकायामाचा आधार आहे. मुख्य कोडे १९६७ मधील विद्यार्थी-चळवळीशी जोडलेले. कादंबरीत ते ३३ वर्षांपूर्वीचे, मालिकेत ४५. कथेचा काळ २०१२ वर आणल्याने हा फरक पडला. अनावश्यक हालचाल टाळणारा शाळकरी नायक ओरेकी हा चितांदा या सहविद्यार्थिनीच्या कुतूहलापुढे हरतो आणि विचार करू लागतो. उत्तर मिळाले तरी पकडायला कोणी नसते. कोणाची तरी जुनी खंत तेवढी हाती येते आणि ती बोलून दाखवावी का, हा पेच उरतो. या मालिकांची शांत ओढ बरीचशी या पेचात असावी. वर्गाबाहेरचा पाऊस आणि क्लबच्या खोलीतले तिरपे ऊन यांचाही तिला हातभार लागतो.

नंतरच्या मालिकांत ‘हारुचिका’ (२०१६) आणि योनेझावांच्याच कादंबऱ्यांवरील ‘शोशिमिन’ (२०२४) येतात. दुसरीतील नायकाने चारचौघांसारखे राहायचे ठरवून तर्क लढवण्याची सवय सोडायचा निश्चय केलेला आहे.