गोळ्यांनी बरं वाटतंय, पण आठवत नाही? कॉर्टिसॉलची तपासणी करण्याआधी हे वाचा

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक गृहस्थ फॉर्म भरत होते. स्वतःचाच मोबाइल नंबर लिहिताना सातव्या आकड्यावर अडकले. शेवटी बायकोने नंबर सांगितला. "आयुष्यभर हिशेब लिहिले हो मी," एवढंच ते म्हणाले. डिप्रेशनच्या गोळ्यांनी झोप आली, जेवण जाऊ लागलं, डोकं मात्र पूर्वीसारखं चालेना. त्यांना स्ट्रेस हार्मोनची, म्हणजे कॉर्टिसॉलची, तपासणी करून हवी होती.

त्यांचा त्रास खराच होता. मन सावरल्यावरही लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग मागे राहतो, असं बऱ्याच रुग्णांत दिसतं. घरच्यांनो, हा आळस नाही. "लक्षच नसतं तुझं" असं कृपया म्हणू नका.

कॉर्टिसॉल हे हार्मोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींत तयार होतं. त्याचा हुकूम मेंदूकडून सुटतो आणि पुरेसं झालं की मेंदूच तो थांबवतो. डिप्रेशनच्या काही रुग्णांत, सगळ्यांत नव्हे, हा ब्रेक नीट लागत नाही. नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागावर कॉर्टिसॉलचा परिणाम विशेष होतो. कुशिंग सिंड्रोममध्ये कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढतं. त्या रुग्णांना उदासी आणि विसरभोळेपणा दोन्ही जडतात, आणि उपचारांनंतर बरंच सुधारलं तरी काहींना थोडा त्रास उरतो.

तरीही स्पष्ट सांगतो: या तपासणीतून डिप्रेशन ठरत नाही आणि स्मरणशक्तीही मोजता येत नाही. १९८०च्या दशकात डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉल दाबणाऱ्या स्टेरॉइडची गोळी देऊन कॉर्टिसॉल मोजण्याच्या चाचणीकडून मोठी आशा होती. पण डिप्रेशन असलेल्या अनेकांचा रिपोर्ट नॉर्मल यायचा आणि इतर आजारांतही तो बिघडलेला दिसायचा. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर या तपासणीवर पैसे घालवू नका. विसरणं वाढलं असेल तर बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारा. यांतल्या बिघाडानेही डोकं जड होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांशी बोलताना नुसतं "विसरतो" म्हणू नका. दूध उतू गेलं, बिल दोनदा भरलं, असे प्रसंग कागदावर लिहून न्या. कधी औषधाचा डोस किंवा अपुरी झोपही कारण असते. गोळ्या मनाने बंद करू नका.

चिठ्ठी असेल तर त्यावरची वेळ पाळा. कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, त्यामुळे सकाळी ८ च्या आणि दुपारी ४ च्या सॅम्पलचे आकडे वेगळे येतात. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, सांध्यातलं इंजेक्शन यांपैकी कशातही स्टेरॉइड असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर सुई टोचण्याआधी आम्हाला सांगा. स्टेरॉइड स्वतःहून एकदम थांबवणं धोक्याचं आहे.

जीव नकोसा वाटत असेल तर रिपोर्टची वाट पाहू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.