टाकीतली काळी पडलेली चांदी

गायमुखचा घाट चढताना गाडी बंद पडली, तेव्हा डिझेलचा काटा पाव टाकीच्या वर होता. त्यामुळे डिझेल संपलं असेल ही शंका सगळ्यात शेवटी आली. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर तो पोकळ लागला. लाइनमध्ये हवा शिरली होती. कासारवडवलीहून कॅनमधून पाच लिटर डिझेल आणलं, फिल्टरचा स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत पंप मारला, तेव्हा कुठे आमची २००४ सालची गाडी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी माजिवड्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मागची सीट उचलली आणि टाकीतलं डिझेलची पातळी मोजणारं फ्लोटचं युनिट बाहेर काढलं. पट्टीच्या एका टोकाला काळपट डाग होता. "कार्बन बसलाय, दादा. नवीन टाका," ते म्हणाले. गॅरेजमध्ये प्रत्येक काळ्या डागाला कार्बनच म्हणतात. पण हा डाग कार्बनचा असण्याचं काही कारण नाही. तिथे काहीही जळत नाही, ठिणगी पडत नाही. घरी आणून भिंगाखाली पाहिला आणि देव्हाऱ्यातल्या चांदीच्या निरांजनाची आठवण झाली. तोच करडा-काळा, किंचित निळसर रंग.

आधी यंत्रणा थोडक्यात. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटला एक दांडी असते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक पाती. डिझेल खालीवर झालं की ही पाती एका रोध-पट्टीवर, म्हणजे विजेला अडवणाऱ्या पट्टीवर, सरकते. आमच्या युनिटमध्ये टाकी रिकामी असताना साधारण १० ओहम आणि भरलेली असताना १८० ओहम रोध असायला हवा. डॅशबोर्डवरचा मीटर हा रोध ओळखतो आणि काटा फिरवतो. बस, एवढंच. काही गाड्यांत हे उलट असतं, म्हणजे भरलेल्या टाकीला कमी रोध. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पाती पट्टीला टेकते म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांना दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर ते खोबरं किसायच्या किसणीसारखे असतात. दोन किसण्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर मोजके दातच एकमेकांना भिडतील, बाकी सगळी पोकळी. वीज वाहते ती फक्त त्या भिडलेल्या दातांतून. म्हणून अशा ठिकाणी चांदीचे मिश्रधातू वापरतात. चांदी सगळ्या धातूंत विजेची उत्तम वाहक आहे आणि मऊही आहे, त्यामुळे दाबाखाली तिचे दात थोडे चेपतात आणि भिडण्याची जागा वाढते.

चांदीचं वैर आहे ते गंधकाशी. हायड्रोजन सल्फाइड वायू आणि हवेतला ऑक्सिजन मिळून चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा पापुद्रा चढवतात. बाळाच्या पायातले वाळे काळे पडले की आपल्याकडे नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळून टाकतात, किंवा अंगात उष्णता फार आहे म्हणतात. घामात आणि हवेत गंधकाची संयुगं असतात, ती चांदीला धरतात. नजरेचा यात काडीचाही संबंध नाही. कपाटात ठेवलेले, कुणाच्याही नजरेला न पडलेले वाळेही काळे पडतातच.

या पापुद्र्याची गंमत अशी की तो वीज पूर्ण अडवत नाही. १८३३ साली मायकेल फॅरडे यांना दिसलं की तांबं, लोखंड तापवलं की ते विजेला जास्त अडवतात, पण सिल्व्हर सल्फाइड तापवलं की ते कमी अडवतं. अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) गुणधर्माची ही पहिली नोंद मानली जाते. म्हणजे आमच्या टाकीत, कुणीही न मागितलेला, एक अर्धवाहक तयार झाला होता. त्याचा रोध एकसारखा राहत नाही. पापुद्र्याची जाडी, पातीचा दाब, तापमान आणि किती व्होल्ट लागले आहेत, यावर तो बदलतो. पापुद्रा पातळ असेल तर पुरेशा व्होल्टना तो मध्येच फुटतो आणि वाट मोकळी होते. जुन्या मीटरमधून वीज बऱ्यापैकी वाहते, म्हणून ते थोडाफार पापुद्रा सहन करतात. संगणकाला जोडलेल्या नव्या युनिटमधून जेमतेम काही मिलिअँपिअर वाहतात, तिथे तेवढ्याच पापुद्र्याने घोळ होतो.

आता आमचा हिशेब. दांडी तळाला टेकवून रोध मोजायचा मल्टिमीटर लावला तर १० ऐवजी ६५ ओहम. जास्तीचे ५५ ओहम पापुद्र्याचे. १० ते १८० मधल्या १७० ओहमांपैकी ५५ म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. काट्याने रिकाम्या टाकीत तेवढं डिझेल दाखवलं. उलट्या पद्धतीच्या गाडीत याच पापुद्र्याने भरलेली टाकी कमी दाखवली असती. मनस्ताप झाला असता, पण घाटात अडकलो नसतो.

हे गंधक आलं कुठून? प्रदूषणाच्या नियमांतल्या भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) गंधक चालायचं, चारमध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर फक्त १०. पण एकूण गंधकापेक्षा त्यातलं चांदीला धरणारं गंधक किती, हे जास्त महत्त्वाचं. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा, लुइझियाना भागात अशा गंधकाच्या पेट्रोलमुळे अनेक गाड्यांचे इंधनकाटे बिघडले होते. आमच्या बाबतीत मला दुसरी शक्यता वाटते. गाडी अख्खा पावसाळा सोसायटीत उभी होती, टाकी तळाला. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून खाली बसतं. त्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जीवाणू वाढू शकतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून जाताना खाडीच्या चिखलाचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो याच जमातीचा उद्योग. आमच्या टाकीचा तळ काढला तेव्हा पाणी निघालंच, वर बुळबुळीत थरही.

दुरुस्तीआधी बॅटरीची ऋण तार काढा. डिझेल पेटत नाही या भरवशावर राहू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावा असं मानक आहे आणि मे महिन्यात ठाण्यात टाकी तेवढी सहज तापते. पट्टीवर पॉलिश पेपर अजिबात चालवू नका, वाहक थर केसाहूनही पातळ असतो. मी मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि पाती केसभर वाकवली, म्हणजे ती पट्टीच्या न झिजलेल्या रेषेवर चालेल. मग दांडी सावकाश वर नेत मल्टिमीटर पाहिला. ११ ओहमपासून १७८ पर्यंत आकडा कुठेही न उडता चढला.

टाकी धुऊन, नवीन रबरी सील घालून युनिट बसवलं. पंपावर पाच-पाच लिटर भरत प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते वहीत लिहिलं. पहिल्या पाच लिटरला तो लाल पट्टीतून जेमतेम वर उठला.